आठवं आवतण

गोदूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांची सगळी वही उजव्या हाताच्या बोटांवर आहे. करंगळीच्या तळच्या पेरावर गावदेवी, त्यावरच्या पेरावर वेशीचा वेताळ, त्याच्यावर शेतातला चेडा, अशी चार बोटांच्या बारा पेरांवर बारा आवतणं. लग्नघरी त्या धवले गायला बसल्या की पदराखाली अंगठा एकेका पेरावर टेकत जातो आणि त्या त्या जागेचा देव लग्नाला बोलावला जातो. आगरी लग्नात हे काम धवलारणीचं. भटजी येतात, मंत्र म्हणतात, दुसऱ्या लग्नाला पळतात. पण घरचे आणि वाटेवरचे देव बोलवायचे ते तिनेच, गाण्यातून. पनवेलच्या अवतीभवतीच्या सात-आठ गावांत पंचेचाळीस वर्षं हे काम गोदूबाईंनी केलं, आणि आता त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत.

मार्गशीर्षात उंबरकोंडहून चंद्रावती त्यांच्याकडे पानसुपारी घेऊन आली. उंबरकोंड म्हणजे नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याचं गाव. चंद्रावतीची आजेसासू भामा ही गोदूबाईंची गुरू, आणि चंद्रावतीची मुलगी समीक्षा हिचं लग्न होतं.

"काकी, हॉलमंदी नाय करत आमी," चंद्रावती म्हणाली. "मांडव अंगनातच घालनार. भामाआजीचा अंगन हाय तो. तवा आवतना पुरी पायजेत. बाराच्या बारा. हॉलवाल्यांसारका घाई नाय करायची."

"घाई कशाला करीन? भामाआईच्या घरात?" गोदूबाई म्हणाल्या.

चंद्रावती गेल्यावर त्या ओट्यावर बसून सहज गुणगुणू लागल्या. करंगळी झाली, तिच्या शेजारचं बोट झालं, मधल्या बोटाच्या तळच्या पेरावर धरणाकाठचा महादेव झाला. अंगठा मधल्या पेरावर गेला आणि तिथेच राहिला. पुढचं पद येईना. त्यांनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच. नववा वाघदेव सरळ तोंडात येत होता, दहावा, अकरावा, बारावाही. आठव्याच्या जागी मात्र काही नव्हतं. चाल नव्हती की शब्द नव्हता.

तो का नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं. तीन वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. स्पीकरवाला मुलगा जवळ येऊन म्हणाला होता, "मावशी, पाच मिनिटांत आटपा, नवरदेवाची एंट्री आहे." बारा आवतणं पाच मिनिटांत बसत नव्हती. एक गाळायचं ठरलं. वेताळाला गाळायची छाती नव्हती. वाघदेवाला तर नाहीच. महादेवाला कोण गाळतं? गाता गाता गोदूबाईंनी मनातल्या मनात बाराही देवांवर नजर टाकली आणि जो रागावणार नाही असं वाटलं, तोच गाळला. पुढच्या लग्नात पुन्हा तोच गाळला. मग ती सवय झाली. आता कुणी घाई करत नव्हतं, तर गाळलेलं परत येत नव्हतं.

दोन रात्री त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मुलाला, धनेशला, सांगितलं, "मना वाटेनं जायाचा हाय. उंबरकोंडपासून खिंडीपर्यंत. चालत."

ही वाट म्हणजे भामाआईंचा रिवाज होता. वर्षातल्या पहिल्या लग्नाआधी हळदीचे तांदूळ घेऊन ती वेशीपासून डोंगरातल्या खिंडीपर्यंत चालत जायची. प्रत्येक जागी चिमूटभर तांदूळ ठेवायचे, पद म्हणायचं, पुढे निघायचं. एकदा असं जाऊन आलं की मग वर्षभर मांडवातून गायलं तरी देवांना पोचतं, असं ती मानायची. गोदूबाई तिच्याबरोबर बाविसाव्या वर्षापासून चालल्या आणि पदं शिकल्या त्या तशाच, चालता चालता. भामा पुढचं पद कधी आधी सांगायची नाही. जागेवर पोचल्यावरच तोंड उघडायची. तिच्यामागे गोदूबाईंनी एकटीने तो रिवाज चालवला. पण गेली अकरा वर्षं गुडघ्यामुळे त्या धनेशच्या गाडीतून धरणाकाठच्या महादेवापर्यंत जात आणि तिथून वर डोंगराकडे बघून उरलेली पाच आवतणं म्हणून टाकत.

धनेश बांधकामाचं सामान पुरवतो. गावठाणातल्या जुन्या घराच्या जागी त्याने चार मजली इमारत बांधली आहे आणि आईच्या गुडघ्यासाठी तळमजला आईला दिला आहे.

"आये, येवढा चालशील?" तो म्हणाला. "गुडघा काय बोलतो तुजा?"

"बोलतो ना. मी ऐकत नाय."

"गाडी हाय दारात. महादेवापर्यंत सोडतो. पुढचे देव बोट करून दाखव, नेहमीसारके."

"अकरा वर्सं तेच केला. म्हनून तर एक गेला."

धनेशने गाडीची किल्ली खिशात टाकली. तो म्हणाला, "एकटीला नाय सोडनार."

जिन्यातून भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू अरुंधतीबाई वर चालल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या. "मी जाते ना त्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी जाऊ."

अरुंधतीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. सहा वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आल्या, आणि दर रविवारी एका ग्रुपबरोबर डोंगरात जातात. घडीची काठी, उन्हाची टोपी, पाठीवर पाण्याची पिशवी आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, असा त्यांचा सरंजाम असतो. बोलणं मोजकं, पण एकदा हो म्हटलं की नाही म्हणत नाहीत. गोदूबाई त्यांना वयनी म्हणतात आणि त्या गोदूबाईंना गोदूताई.

रविवारी सकाळी सहाला धनेशने दोघींना उंबरकोंडच्या वेशीशी उतरवलं आणि पाच वाजता खिंडीखालच्या रस्त्यावर गाडी घेऊन येतो म्हणून सांगितलं. चंद्रावतीच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. गोदूबाई तिकडे फिरकल्या नाहीत. चहा झाला असता, आणि चहाबरोबर प्रश्नही आले असते.

गावदेवीपुढे त्यांनी पिवळे तांदूळ ठेवले, पहिलं पद म्हटलं आणि पदर खोचला. अरुंधतीबाईंनी मनगटावर बोट दाबलं.

"काय केला?"

"घड्याळ चालू केलं. किती चाललो ते सांगतं. शेवटी दमलात किती, तेही सांगतं."

"दमल्यावर सांगतं?"

"हो."

"मंग काय उपेग? ता मना बी कलतं."

अरुंधतीबाई हसल्या. दोघी शेतांच्या बांधावरून निघाल्या. भात कापून झालेलं होतं आणि ओलसर खाचरांतून वालाचे दोन-दोन पानांचे कोंब वर आले होते. एका खळ्यावर झोडणीचा पेंढा रचून ठेवलेला होता, त्यावर दव होतं. गाडीचा आवाज नाही, माणसाचा नाही. कुठेतरी भारद्वाज घुमत होता तेवढाच. समोर प्रबळगडाची भिंत अजून निळी होती. गोदूबाई रबरी चपला घालून, आखूड लुगड्यात, थोड्या डाव्या पायावर झुकत चालत होत्या. पण त्यांचा वेग एकसारखा होता. अरुंधतीबाई ग्रुपमध्ये मधोमध चालणाऱ्या. इथे त्यांना दर थोड्या वेळाने पावलं लांब टाकावी लागत होती.

तिसरा देव, शेतातला चेडा, एका फार्महाउसच्या कुंपणाच्या आत गेला होता. फाटकावर बिहारचा वॉचमन होता. "अंदर जाना मना है, माताजी. साहब नहीं हैं."

अरुंधतीबाई हिंदीत समजावू लागल्या. गोदूबाईंनी तेवढ्यात फाटकाच्या सळईला धरून पद सुरू केलं. त्यांचा आवाज आता थोडा फाटका आहे, पण खालच्या पट्टीत तो अजून भरून येतो. वॉचमनने ऐकलं. मग त्याने बाजूचं छोटं दार उघडलं.

"पाँच मिनट," तो म्हणाला.

"यो बी पाचच मिन्टा बोलतो," गोदूबाई अरुंधतीबाईंकडे वळून म्हणाल्या. अरुंधतीबाईंना त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

आत हिरवळीच्या कडेला शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्याभोवती कुणीतरी विटांचं नीट आळं केलं होतं आणि वर ताजं जास्वंदीचं फूल होतं. गोदूबाईंनी वॉचमनकडे पाहिलं. तो म्हणाला, "हम ही चढ़ाते हैं. अकेला रहता है बेचारा." त्यांनी तांदूळ ठेवले आणि निघताना चार दाणे त्याच्याही हातावर ठेवले.

ओढ्याच्या साती आसरा झाल्या, म्हसोबा झाला, सहावाही झाला. साडेदहाला दोघी धरणाकाठच्या महादेवापाशी पोचल्या. तिथल्या टपरीवर चहा घेताना गोदूबाई जरा जास्त वेळ बसल्या.

"दुखतंय का?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"नाय. इथवर पाठ हाय मना. इथून पुढं भ्या वाटतं."

देवळामागून पायवाट वर चढत होती.  गोदूबाईंचा अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर घट्ट धरलेला, नजर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एखादं मोठं झाड दिसलं की थांबत, बुंध्याशी वाकून पाहत आणि मान हलवून पुढे जात. कारवी माणसाच्या उंचीची वाढली होती. वाट तिच्यातून वळत वळत वर जात होती आणि एका वळणावर अचानक मोकळा खडक आला. त्यावर वाघ कोरलेला उभा दगड होता, वर चंद्र-सूर्य.

गोदूबाई त्याच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. "यो तर नववा," त्या म्हणाल्या. "आठवा मागं ऱ्हायला."

त्या मागे फिरल्या. अर्ध्या वाटेपर्यंत खाली येऊन पुन्हा वर चढल्या. काही सापडलं नाही. अरुंधतीबाईंनी घड्याळ पाहिलं आणि आपल्या परीने विचार केला. "गोदूताई, पहिल्या सात जागा साधारण सव्वा-सव्वा किलोमीटरवर आहेत. त्या हिशेबाने आठवी त्या वाकड्या पळसाच्या आसपास असायला हवी."

"देव मैलाच्या दगडावानी नाय बसत, वयनी."

तरीही दोघी पळसापर्यंत जाऊन आल्या. तिथे कारवीच होती. ऊन तापलं होतं. वाघदेवाच्या सावलीत बसून त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. अरुंधतीबाई सुकट खात नाहीत, त्यांनी गुळाबरोबर भाकरी खाल्ली. पाण्याची पिशवी जवळजवळ संपली होती. एक वाजून गेला होता.

"अकराच म्हणा मग," अरुंधतीबाई हळूच म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे?"

गोदूबाईंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग त्यांनी हॉलची गोष्ट सांगितली. स्पीकरवाला मुलगा, पाच मिनिटं आणि मनात केलेली निवड, सगळं. "ती कशी होती, काय नाव, काय बी याद नाय मना," त्या म्हणाल्या. "येवढाच याद हाय का ती गरीब होती. रागावनारी नव्हती. म्हनून तिलाच गाळली. वेताळाला भ्याले मी नि तिला नाय भ्याले."

अरुंधतीबाई काठीच्या टोकाने खडकावरचं शेवाळ खरवडत होत्या. "बँकेत आम्हीही हेच करत होतो," त्या म्हणाल्या. "जो काउंटरवर ओरडायचा त्याचं काम आधी. जी बाई गप्प बाकावर बसायची, तिला म्हणायचो, उद्या या. तीसेक वर्षं म्हटलं असेल."

 पुढे चढायला पाणी हवंच होतं. अरुंधतीबाई उठून आजूबाजूला पाहू लागल्या, तेव्हा कारवीच्या मुळांतून गेलेला एक काळा प्लास्टिकचा पाइप त्यांना दिसला. वर कुठे ठाकर आदिवासींची वाडी असणार आणि पाइप कुठल्यातरी झऱ्यावरून आलेला असणार, असा त्यांचा अंदाज. वाट सोडून दोघी पाइपाच्या कडेकडेने कारवी बाजूला सारत आडव्या गेल्या. शे-दीडशे पावलांवर जांभळाखाली सिमेंटची बुटकी टाकी होती, वर पत्र्याचं झाकण. एक म्हातारी ठाकरीण वाकून पाइपाच्या तोंडातला पाला काढत होती.

तिने मान वर केली. आधी गोदूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्याच्या पिशवीतून दिसणाऱ्या पिवळ्या तांदळांकडे.

"कोनाचा लगीन हाय?" तिने विचारलं.

गोदूबाई जागच्या जागी थांबल्या.

"तुला कसा कलला?"

"हे तांदूल वळखते मी. लय वर्सांनी आले." ती हात पुसत उभी राहिली. "तुमी दोघी यायच्या. येक ठेंगणी नि येक काटकुळी. काटकुळी तू ना? मी सखू. वरच्या वाडीतली."

"इथं कुंड होता?"

"हाच की. टाकी बांदली, पाइप घातला. आता पानी वाडीत येतं, इथं कोन येत नाय. वाट बी मोडली." तिने झाकण सरकवलं. "बसा. पानी घ्या."

भांडं नव्हतं. सखूबाईंनी टाकीत हात घालून ओंजळ भरली आणि गोदूबाईंच्या हातांत ओतली. पाणी गार होतं. गोदूबाई प्यायल्या, ओली बोटं तोंडावरून फिरवली आणि पुढच्या घोटासाठी हात पुढे करता करता गायला लागल्या. आधी पुटपुटल्यासारखं, मग नीट:

कुंडावरले गो माऊली, तुझे ओंजळीन पानी,
मांडवाचे दारी ये गो, आवतन आले मी घेवोनी.

त्यांनी ते तीनदा म्हटलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्या थांबल्या नाहीत. मग पिशवीत हात घालून तांदूळ काढले आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. "देवीचा दगड कुठं हाय? कुंडाच्या काठाला चापट दगड होता. त्याच्यावर ठेवायची भामाआई."

"कोन देवी?" सखूबाई म्हणाल्या.

"कुंडावरली."

सखूबाई हसू लागल्या. दात कमी होते, तरी हसणं लहान मुलीसारखं होतं. "देवी नाय गं बाय. ती माजी आई. बुधी."

आणि मग जांभळाखाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. सखू सात-आठ वर्षांची असताना ठेंगणी बाई, म्हणजे भामा, एकटीच आली होती, तापाने फणफणलेली, आणि कुंडाशी पडली. बुधीने तिला खोपीत नेलं, दोन दिवस नाचणीची आंबील पाजली आणि तिसऱ्या दिवशी धरणापर्यंत हाताला धरून पोचवलं. निघताना भामा म्हणाली होती, तुला दुसरं काय देऊ, आमच्या प्रत्येक लग्नाला तुला बोलवीन. बुधी म्हणाली होती, बोलव. तेव्हापासून आवतण सुरू झालं. बुधी दिवसा रानात असायची म्हणून भामा तांदूळ पानाच्या द्रोणात घालून दगडावर ठेवायची. गोदूबाईंना दगड दिसला, तांदूळ दिसले, बाई कधी दिसली नाही. त्यांनी देवी समजून घेतली आणि भामाला विचारलं नाही. देवाबद्दल कोण विचारतं?

"तांदूल आले का आई बोलायची, खाली कोनाचा तरी लगीन हाय, आज गूळ काडा," सखूबाई म्हणाल्या. "आमाला लगीन म्हंजे गूळ. पयली दोन-तीन वर्सं आई लुगडं धून ठेवायची. न्यायला येतील म्हून."

"मंग आली का नाय खाली?"

"कंच्या गावाला? कंच्या दिसाला? ता कोनी सांगितलाच नाय."

गोदूबाईंनी मान खाली घातली. गाण्यात गाव नव्हतं आणि वारही नव्हता. देवांना ते लागत नाहीत.

"मंग तांदूल यायचे बंद झाले. आई बोलली, आगऱ्यांत लगीनाच होत नाय वाटतं आता." सखूबाई पुन्हा हसल्या. "चार पावसाले झाले तिला जाऊन."

अरुंधतीबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. 

गोदूबाईंनी हातातले तांदूळ सखूबाईंच्या तळहातावर ठेवले. "उंबरकोंड," त्या म्हणाल्या. "बुधवारी सकाली मांडव हाय. भामाआईच्या पणतीचा. तू ये."

"आवतन आईचा हाय."

"आईच्या जागी ये."

सखूबाई तांदळांकडे पाहत राहिल्या. "मना कोन वळखनार तिथं? बसू कुठं?"

 उंबरकोंड गोदूबाईंच्या ओळखीचं होतं. ठाकरं लग्नघरी पळसाच्या पत्रावळ्या आणि सरपण घेऊन येत, मागच्या दाराशी जेवत आणि तिथूनच जात. आजवर त्यात कुणाला काही खटकलं नव्हतं. गोदूबाईंनाही नव्हतं.

"माज्या बाजूला," त्या म्हणाल्या.

सुनेला घेऊन खिंडीखालच्या रस्त्यावर यायचं सखूबाईंनी कबूल केलं. पुढच्या जागा लवकर झाल्या. वाघदेव, मग कड्याखालची देवी, मग वडाचा वीर, आणि चार वाजता दोघी खिंडीत उभ्या होत्या. तिथून मागे पाहिलं की धरणाचं पाणी, वालाची हिरवी खाचरं, नेऱ्याची फार्महाउसं, त्यापलीकडे पनवेलच्या इमारती आणि तळोज्याकडचा करडा धूर असं सगळं एका नजरेत येतं. बाराव्याचं पद म्हणून झाल्यावर गोदूबाई खाली बसल्या आणि त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला. आता तो बोलत होता आणि त्या ऐकत होत्या.

"घड्याल काय बोलतं?" त्यांनी विचारलं.

"सतरा किलोमीटर. आणि तुम्ही दमलात म्हणतं."

"तुज्या हातात हाय ना? तू दमलीस म्हनत असंल."

धनेश खाली रस्त्यावर गाडीला टेकून उभा होता. उतार संपायला साडेपाच झाले. आईला आधार देऊन बसवताना तो म्हणाला, "मिलाला का तुजा देव?"

"मिलाला. बुधवारी सकाली याच रस्त्याला गाडी घेऊन ये. वाडीतून एक बाई नि तिची सून येतील. त्यांना मांडवात आनायचा हाय."

धनेशने आरशातून मागे पाहिलं. "वाडीतून? चंद्रावतीवयनीला विचारलंस?"

"भामाआईनं विचारला होता का कोनाला?"

धनेशने गाडी सुरू केली. नेऱ्याजवळ धनेश म्हणाला, "किती वाजता येऊ?"

बुधवारी उंबरकोंडच्या अंगणात मांडवाखाली बायका जमल्या होत्या. धनेशच्या गाडीतून सखूबाई पुढच्या सीटवरून उतरल्या, धुतलेलं हिरवं लुगडं नेसलेल्या. मागे सून, तिच्या हातात पळसाच्या पानांत बांधलेला रानातला मध. सखूबाईंनी अंगण पाहिलं आणि सवयीने घराच्या मागच्या बाजूला वळल्या. गोदूबाईंनी सतरंजीवरून हाक मारली, "सखू, इकडं." सगळ्यांच्या माना वळल्या. सखूबाई आल्या आणि सतरंजीच्या कडेवर, अर्ध्या जमिनीवर अशा बसल्या. चंद्रावती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, पण चार बायकांत तो विचारता येत नव्हता.

गोदूबाई गाऊ लागल्या. गावदेवी आली, वेताळ आला, चेडा आला. समीक्षा हळदीच्या पाटावर डोळे मिटून बसली होती. महादेव झाला. मग गोदूबाई थांबल्या. ते पद त्यांच्या ओठांवर होतं. रविवारपासून तीन दिवस त्या ते सतत म्हणत होत्या, भाजी निवडताना आणि अंथरुणावर पडतानासुद्धा. त्यांनी ते म्हटलं नाही. हळदीची वाटी उचलली, सखूबाईंच्या कपाळाला बोट लावलं आणि पाण्याने भरलेला पितळी तांब्या त्यांच्या हातात दिला.

सखूबाई घटाघटा पाणी प्यायल्या. चंद्रावती पुढे येऊन वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकी, आठवा ऱ्हायला."

"ऱ्हायला नाय," गोदूबाई म्हणाल्या. त्यांनीही आवाज चढवला नाही. "ती आली हाय. आलेल्या मानसाला आवतन कोन देतो? पुढच्या लगनाला परत गाईन."

"ही?"

"तुज्या आजेसासूला जिनं जगवली, तिची पोर. बाकीचा मंग सांगते. आता नववा हाय, त्याला थांबवता नाय येत."

चंद्रावती क्षणभर तशीच वाकलेली राहिली. मग तिने सखूबाईंच्या हातातला तांब्या पाहिला, तो रिकामा झाला होता. "थांबा, भरून आनते," असं म्हणून ती तांब्या घेऊन आत गेली. सखूबाई सतरंजीवर थोड्या आत सरकल्या. आणि गोदूबाईंनी घसा खाकरून वाघदेवाला बोलवायला सुरुवात केली.